दिवसाची लाइट

पानवेलीला पाणी थोडं लागतं, पण वारंवार लागतं. मुळं उथळ असतात. वेल शेवरी-हादग्याच्या आधाराने वर गेलेली, खाली सावली, आणि सरीत ओल कायम हवी. पाणी साचलं की मूळ कुजतं. उन्हाळ्यात दोन पाळ्यांमधलं अंतर लांबलं की पान राठ होतं आणि बाजारात त्याचा भाव तुटतो. बारामतीहून इंदापूरला जाताना लागणारं निमगाव केतकी हे अशा पानमळ्यांचं गाव. आषाढी वारीत तुकोबांची पालखी सणसरहून बेलवाडीचं रिंगण करून इथे मुक्कामाला येते. एरवी वर्षभर गावाचा व्यवहार पान, ऊस, डाळिंब आणि द्राक्षावर चालतो. पाऊस कमी, जमिनीखाली बेसॉल्टचा कातळ, कालवे तालुक्यात पोहोचतात ते शेपटाकडचे. त्यामुळे हे सगळं पीक शेवटी विहिरीतल्या नाहीतर बोअरमधल्या मोटारीवर उभं आहे.

मोटार लाइटवर चालते, आणि शेतीची लाइट पिढ्यान्‌पिढ्या चक्राकार पद्धतीने मिळते. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री आठ-दहा तास. इथल्या शेतकऱ्याला विजेच्या धोरणाबद्दल काहीही विचारा, दर, थकबाकी, अनुदान हे सगळं नंतर येतं. आधी येते ती दिवसाच्या लाइटची मागणी. रात्री दारं धरायला जाणं म्हणजे काय, हे ज्याने उसाच्या सरीत बॅटरी घेऊन पाणी फिरवलं आहे त्यालाच कळतं. थंडीत गुडघाभर चिखल, पायाखाली साप आणि आता उसात बिबट्या. जुन्नर-शिरूरकडे ऐकू येणारी बिबट्याची भीती गेल्या काही वर्षांत बारामती-इंदापूरच्या उसापर्यंत पोहोचली आहे. घरातला कर्ता माणूस रात्री अडीचला शेतात असतो तेव्हा घरही झोपत नाही. हा विजेचा खर्च आहे, पण तो कुठल्याही बिलावर छापला जात नाही.

रात्रीची लाइट शेतीच्या वाट्याला आली याचं कारण साधं आहे. दिवसा कारखाने, कार्यालयं, शहरं वीज ओढतात आणि संध्याकाळी घरोघरी दिवे-पंखे लागतात. मध्यरात्रीनंतर मागणी कोसळते. कोळशाचं वीज केंद्र मात्र रात्री बंद करून सकाळी सुरू करता येत नाही. बॉयलर धगधगता ठेवावाच लागतो. मग त्या नको असलेल्या विजेला गिऱ्हाईक म्हणून शेतीपंप लावले गेले. पन्नास वर्षं राज्याच्या वीजव्यवस्थेचा तोल सांभाळण्याचं काम शेतकऱ्याने आपली झोप देऊन केलं आहे. त्याला मिळालेल्या सवलतीची चर्चा करताना हे काम कोणी हिशोबात धरत नाही, म्हणून आधी सांगितलं.

विजेच्या मोटारीआधी मोट होती. बैलजोडी, नाडा, कातड्याची मोट आणि मोटकऱ्याचा अख्खा दिवस. त्यातून भिजायचं जेमतेम थोडंसं रान. मग डिझेलची इंजिनं आली. किर्लोस्करांचं इंजिन धडधडत असलेली विहीर ही साठ-सत्तरच्या दशकात बागायतदाराची खूण होती. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत खांब आणि तारा वस्त्यांपर्यंत पोहोचल्या. इंजिनाकडे परत जाणं आता परवडण्यासारखं नाही. पाच हॉर्सपॉवरचं इंजिन तासाला साधारण लिटरभर डिझेल पितं. म्हणजे नव्वदच्या आसपास रुपये मोजून मिळते पावणेचार युनिट विजेएवढी ताकद, युनिटला पंचवीस रुपयांच्या घरात. विजेच्या तारेला पर्याय नाही असं गावाला वाटत राहिलं ते या हिशोबामुळे.

पण तारेबरोबर तिची दुखणीही आली. एका डीपीवर मंजुरीपेक्षा जास्त मोटारी, त्यात आकडे, लाइट आली की ऑटो स्विचने सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपी जळते. जळालेली डीपी बदलून येईपर्यंत पीक वाळतं. गावठाणाचा आणि शेतीचा फिडर वेगळा झाला तेव्हा घरातला दिवा टिकला, पण सिंगल फेजवर कंडेन्सर लावून मोटार चालवण्याची शक्कलही निघाली. मीटर नसलेल्या पंपांना हॉर्सपॉवरवर बिल, बिल आणि प्रत्यक्ष वापर यांचा मेळ नाही, म्हणून भरायचं नाही, म्हणून थकबाकी, म्हणून तोडणी. २००४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली आणि पुढच्या वर्षी ती बंद झाली. शेतीची थकबाकी साचत साचत पन्नास हजार कोटींच्या पुढे गेली. वीज कंपनी म्हणते शेतकरी पैसे देत नाही. शेतकरी म्हणतो कंपनी वीज देत नाही. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं असल्यामुळे हा वाद मिटला नाही.

ही वीज येते कुठून, हे निमगाव केतकीच्या डीपीजवळ उभं राहून दिसत नाही. ती येते मुख्यतः विदर्भातल्या कोळशातून. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं. त्याची धूळ चंद्रपूरकरांच्या छातीत जाते. कोराडी-खापरखेड्याची राख नागपूरजवळच्या गावांच्या ओढ्यांत उतरते. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या राखेचा खसाळ्याचा बंधारा फुटला आणि राखेचं पाणी शेतांत, नाल्यांत पसरलं. परळीचं केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं आणि दोन वर्षांनी पुन्हा तेच झालं. कोळशाच्या विजेला पाणी किती लागतं याचा धडा मराठवाड्याने असा घेतला.

इंदापूरला तो धडा घ्यायला परळीला जायची गरज नाही. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. इंदापूर आणि करमाळा तालुक्यांतली गावं त्यात गेली. पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ आजही वर येतं. या धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचं छोटं जलविद्युत केंद्र आहे. पण त्याच उजनीचं पाणी सोलापूरजवळच्या एनटीपीसीच्या १,३२० मेगावॉटच्या कोळसा केंद्रालाही जातं. म्हणजे ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांच्या वाट्याचं पाणी वाफ होऊन वीज बनतं आणि ती वीज रात्री दोनला त्यांच्याच मोटारीत येते. आणखी वर, सह्याद्रीच्या माथ्यावर, याच भीमेच्या खोऱ्यातलं पाणी टाटांच्या धरणांतून बोगद्याने कोकणात सोडून खोपोली, भिवपुरी, भिरा इथे शंभर वर्षांपासून वीज बनते आहे. सुमारे ४२ टीएमसी पाणी दरवर्षी पश्चिमेला जातं. ते पूर्वेकडे वळवा, ही मागणी दुष्काळात दरवेळी वर येते. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला तेव्हा मावळ्यांच्या भातखाचरांचा प्रश्न होता. आज तेच पाणी पानमळ्याला आणि सोलापूरच्या नळालाही हवं आहे. जलविद्युत स्वच्छ, हे खरंच. पण खोऱ्याच्या खालच्या टोकाला बसून पाहिलं की तिची किंमत दिसते.

एन्रॉन या वीज कंपनीचीही आठवण इथे हवी. १९९२ पासूनच्या वाटाघाटींतून तिच्या दाभोळच्या प्रकल्पाचा जो करार झाला त्यात इंधन आणि डॉलर या दोन्हींच्या भावाची जोखीम वीज मंडळावर, म्हणजे शेवटी ग्राहकावर होती. १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला, वीज महाग पडत गेली आणि २००१ मध्ये मंडळाने ती घेणं थांबवलं. वीज कोणत्या इंधनाची, याच्याइतकंच महत्त्व भाव चढला तर भार कोणावर पडेल याला असतं. सौर विजेचा विचारही मी याच कसोटीवर करते आहे.

या कसोटीवर सूर्य उजवा ठरतो, निदान सुरुवातीला. सौर प्रकल्पाचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवशी होतो. पुढची पंचवीस वर्षं कोळसा नाही, जहाज नाही, डॉलर नाही. बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने पन्नास मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारला तेव्हा सौर वीज महागच होती. नंतरच्या दहा वर्षांत पॅनेलच्या किमती इतक्या पडल्या की मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतल्या निविदा युनिटला तीन रुपयांच्या आसपास आल्या. शेतीला वीज पोहोचवायला आठ रुपयांच्या घरात खर्च येतो, हे सरकारच सांगत आलं आहे. आठ आणि तीन यांच्यामधला फरक अनुदानाचा आणि थकबाकीचा सगळा डोंगर हलवू शकतो. आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट म्हणजे ही वीज फक्त दिवसाच तयार होते. इतकी वर्षं शेतीला रात्र मिळाली ती बॉयलरच्या सोयीसाठी; आता यंत्रणेची सोयच दुपारकडे सरकली आहे.

ही सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली. सुरुवात राळेगणसिद्धीपासून झाली, पण वेग आला तो २०२३ मध्ये दुसरा टप्पा जाहीर झाल्यावर. कल्पना अशी की गावाच्या उपकेंद्राजवळ काही एकरांवर सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट शेतीच्या फिडरला द्यायची. शेतकऱ्याची मोटार, केबल, स्टार्टर सगळं तेच राहतं. बदलते फक्त तारेमागची वीज. एका मेगावॉटला चार-पाच एकर जागा लागते. माझ्या ढोबळ हिशोबाने त्यावर भर दुपारी पाच हॉर्सपॉवरच्या दोनशेच्या आसपास मोटारी चालाव्यात. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला २०२४ मध्ये तीन मेगावॉटचा सुरू झाला. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी तीन टक्के वाढ. ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी पाच लाख.

सव्वा लाख हेक्टरी म्हणजे एकरी पन्नास हजार. चाळीस टन ऊस आणि टनाला तीन हजार धरले तरी उसाचे एकरी लाख-सव्वालाख होतात, पण त्यातून खत, लागण, पाणी, मजुरी जाते आणि आडसाली असेल तर ते पैसे दीड वर्षाने हाती येतात. माळरानाला पन्नास हजार ही मोठी रक्कम आहे. काळ्या जमिनीवर पॅनेल लावावं असा मात्र हा भाव नाही, आणि तसा नसलेलाच बरा. खरा प्रश्न गायरानाचा आहे. प्रकल्पांसाठी पडीक सरकारी जमीन शोधताना गायरान सगळ्यात आधी नजरेत येतं. या पट्ट्यात मेंढपाळ आहेत. सातबाऱ्यावर ‘पडीक’ दिसणारं रान त्यांच्या मेंढरांचं असतं. पाच लाख रुपये ग्रामपंचायतीच्या खात्यात येतील, मेंढपाळाच्या हातात काही पडणार नाही. ग्रामसभेत ठराव करण्याआधी त्या माणसाला बोलावून विचारावं, एवढी साधी गोष्ट योजनेच्या कागदात सक्तीची असायला हवी होती.

दुसरा रस्ता स्वतंत्र सौर पंपाचा. २०१९ च्या केंद्राच्या कुसुम योजनेतून आणि २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून हे पंप गावोगाव दिसू लागले. सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन हॉर्सपॉवर, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. ज्याची वस्ती खांबापासून लांब आहे, ज्याने वर्षानुवर्षं कोटेशन भरून कनेक्शनची वाट पाहिली, त्याच्यासाठी हा पंप वरदान आहे. हे मी मनापासून लिहिते. लाइट नाही, बिल नाही, वायरमनची वाट पाहणं नाही.

पण ज्याच्या बांधावर खांब आहे त्यालाही हाच पंप घ्या म्हणणं मला चुकीचं वाटतं. सौर पंप ढगाळ दिवशी मरगळतो. पानमळ्याला थोडं पण रोज लागणारं पाणी श्रावणातल्या उघडिपीत, आभाळ भरलेलं पण पाऊस नाही अशा दिवसांत, नेमकं अडतं. बोअर तीनशे-चारशे फुटांवर गेली की छोट्या पंपाचा दम संपतो. नदीकाठाहून किंवा उजनीच्या फुगवट्यावरून दोन-चार किलोमीटर पाइपलाइन करून पाणी आणणाऱ्यांच्या मोटारी दहा-पंधरा हॉर्सपॉवरच्या, त्यांना तर ही योजना पुरी पडत नाही. वळवाच्या वादळात पॅनेल उडालं, कंट्रोलर जळाला, केबल चोरीला गेली, तर हमी आणि विम्याचे कागद घेऊन पुरवठादाराच्या मागे धावायचं शेतकऱ्यानेच. डीपी जळाली तर तिच्यावरचे सगळे शेतकरी मिळून उपकेंद्रावर जातात. सौर पंप बिघडला की माणूस एकटा असतो. शिवाय ऊस तुटल्यावर किंवा पावसाळ्यात पंपाला काम नसतं तेव्हा पॅनेलवर पडलेलं ऊन वाया जातं. फिडरला जोडलेल्या प्रकल्पाची तीच वीज दुसऱ्या कोणाच्या तरी कामी येते. पैसा सरकारचा आहे, पण तो मर्यादित आहे. जिथे तार पोहोचली आहे तिथे फिडर सौर करा, जिथे पोहोचली नाही तिथे पंप द्या, हा क्रम कागदावर आहे. लक्ष्यांक गाठण्याच्या घाईत तो पाळला जात नाही.

पाण्याची गोष्ट याहून अवघड आहे. दुष्काळात उजनीचा साठा उणे व्हायला लागला की प्रशासन काय करतं? फुगवट्याच्या काठावरच्या शेतीपंपांची वीज कमी करतं किंवा तोडतं, म्हणजे पिण्याचं पाणी उरतं. वीज हाच सरकारच्या हातातला पाण्याचा नळ आहे. तो नळ फिरवला जातो तेव्हा उभं पीक जळतं, त्यावरून आंदोलनं होतात, पण नळ आहे हे खरं. बोअरवरचा सौर पंप आला की तो नळ राहत नाही. ऊन सात-आठ तास, खर्च शून्य, मग मोटार बंद करायला कारणच उरत नाही. विजेची टंचाई हीच आजवर भूजलाची राखण करत होती, हे कबूल करायला जड जातं, पण इथल्या आटणाऱ्या बोअर पाहिल्या की नाकारता येत नाही. पानमळ्याचा शेतकरी जपूनच पाणी देतो. पाट सोडून दिलेल्या उसाचं तसं नाही. दिवसाची वीज देतानाच त्या फिडरवरच्या उसाला ठिबक सक्तीचं केलं असतं, तर निदान एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने वाहून गेलं नसतं. लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेला २०२२ मध्ये ३४८ कोटींची मंजुरी मिळाली, उजनीचं पाणी उचलून इंदापूर-बारामतीच्या सतरा गावांना द्यायचं म्हणून. त्यावर सोलापूरने किती विरोध केला ते आठवा. उपशाच्या प्रत्येक योजनेला विजेचं बिल जन्माबरोबर चिकटलेलं असतं, आणि बिल न भरल्याने बंद पडलेल्या उपसा योजना या राज्यात कमी नाहीत. सूर्य ते बिल हलकं करू शकेल. धरणातलं पाणी मात्र त्याने वाढणार नाही.

ऊसही इंधनच आहे, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, रेड्याचा नीरा-भीमा असे कारखाने या पट्ट्यात आहेत. गाळलेल्या उसाच्या पाव हिश्शाहून जास्त वजनाचा बगॅस, म्हणजे चोथा, निघतो. तो बॉयलरमध्ये जाळून कारखाना स्वतःची गरज भागवतो आणि उरलेली वीज ग्रिडला विकतो. हंगाम चालतो कार्तिकापासून फाल्गुन-चैत्रापर्यंत, रात्रंदिवस. सौर वीज मावळते तेव्हाही ही वीज चालू असते, म्हणून तिला मान मिळायला हवा होता. प्रत्यक्षात तीन रुपयांच्या सौर विजेशी दराची तुलना करून तिला मागे सारलं जातं. संध्याकाळी सात वाजताचं युनिट आणि दुपारी एकचं युनिट यांची किंमत एकच कशी असेल?

इथेनॉलने कारखान्यांना आधार दिला. पेट्रोलमध्ये वीस टक्के मिश्रणाचं लक्ष्य २०३० वरून अलीकडे आणलं आणि २०२५ मध्ये गाठलंही. पण ७ डिसेंबर २०२३ ला, पाऊस कमी झाला म्हणून साखर कमी पडेल या भीतीने, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने एका आदेशात बंधन आणलं. कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या कारखान्यांचं गणित ऐन हंगामात कोलमडलं. एन्रॉनमध्ये जोखीम डॉलरची होती, इथे ती दिल्लीच्या आदेशाची. आणि पुण्या-मुंबईच्या गाडीच्या टाकीत जाणाऱ्या त्या इथेनॉलमागे उजनीचं, नीरेच्या कालव्याचं पाणी असतं. त्याला हरित म्हणण्याआधी ते पाणी मोजायला हवं.

संध्याकाळचा प्रश्न सुटण्यासाठी आता पुन्हा सह्याद्रीकडे बोट दाखवलं जातं आहे. दुपारच्या स्वस्त सौर विजेने पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडून वीज करायची. घाटघरला असा २५० मेगावॉटचा प्रकल्प चालू आहे. टाटा पॉवरने ऑगस्ट २०२३ मध्ये शिरवटा आणि भिवपुरी मिळून २,८०० मेगावॉटचा करार राज्य सरकारशी केला. शिरवट्याचं पाणी भीमेच्याच खोऱ्यातलं. इंदापूरकरांनी या करारांकडे मुंबईच्या विजेचा मामला म्हणून पाहू नये.

जून २०२४ च्या अर्थसंकल्पानंतर राज्याने साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या सुमारे ४४ लाख शेतीपंपांचं बिल स्वतःवर घेतलं. त्याचा वर्षाचा भार चौदा हजार कोटींहून जास्त आहे. या सवलतीची मुदत मार्च २०२९ पर्यंत आहे. २००४ ची मोफत वीज वर्षभरही टिकली नव्हती, कारण तिच्यामागे स्वस्त वीज नव्हती. या वेळी ती असू शकते. तीन रुपयांची वीज फिडरवर आली तर हाच भार निम्म्याहून खाली येईल आणि मुदत संपताना सरकारला हात वर करण्याची गरज पडणार नाही. त्यासाठी निमगाव केतकीसारख्या गावांच्या उपकेंद्रांवर मार्च २०२९ च्या आत प्रकल्प उभे राहून चालू व्हायला हवेत. कुठल्या फिडरला किती मेगावॉट, जागा कोणती, काम कुठवर आलं, याचा फलक प्रत्येक उपकेंद्राच्या दारावर लावावा, एवढी मागणी पुढच्या ग्रामसभेत करता येईल.